खाणीचा सातबारा

हिंगोली जिल्ह्यात तलाठी म्हणून मी इतकी वर्षं काढली, की चिमूटभर माती नाकाला लावून तिचा गट नंबर सांगत असे. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर दोन भावांचं बांधावरून डोकं फुटायची वेळ आली होती. मी जेवत होतो. घास हातात ठेवून नुसत्या आठवणीवर दोघांचे सातबारे तोंडपाठ म्हटले आणि भांडण मिटलं. ढाबेवाल्याने वर्षभर माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. वर्षभर नाही, चला, त्या दिवशी घेतले नाहीत.

हे सांगण्याचं कारण, कागद वाचावा तर मीच, असा माझा दबदबा होता. त्या दबदब्यावर सगळ्यात जास्त भरोसा माझ्या मोठ्या बहिणीचा.

अक्का आखाडा बाळापूरला राहते. जन्मभर अंगणवाडीत लेकरं सांभाळली. भावजी गेल्यावर मुलाच्या घरात राहायला लागली. भांडण नाही, पण सुनेच्या स्वयंपाकघरात स्वतःचा चहा करायलाही परवानगी घेतल्यासारखं तिला वाटायचं. एक छोटा प्लॉट तिने स्वतःच्या कमाईतून घेऊन ठेवला होता. त्यावर दोन खोल्या बांधायच्या, एक निजायची आणि एक स्वतःच्या चुलीची, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी जपलेल्या सोन्याच्या पाटल्या भाव चढल्यावर तिने मोडल्या आणि पैसे बँकेत टाकले.

तिथे मी शिरलो.

निवृत्तीनंतर माणसाने नातवंडं खेळवावीत. मी शेअर खेळवायला लागलो. मोबाईलवर मला एक कंपनी सापडली, सोन्याच्या खाणीची. खाण परदेशात, शेअर इथे मिळणारा. मी अक्काला म्हणालो, "पाटली वाढली तर सोन्याच्या भावाइतकी वाढते. खाण पोटातून वाढते. वर्षभर थांब, दोनाच्या तीन खोल्या होतील."

"मला त्यातलं काही समजत न्हाई, भाऊ. तू कागद वाचलास का?"

"पानन् पान."

तिने माझ्या मोबाईलवर खातं उघडू दिलं आणि दोन खोल्यांचे सगळे पैसे खाणीत उतरले.

पुढे सोन्याचा भाव असा चढला, की सराफाच्या दुकानासमोरून जाताना बाया कानातलं पदराने झाकायला लागल्या. आमची खाण मात्र रुसलेल्या जावयासारखी बसून राहिली. भाव वर गेला की शेअर जागचा हलेना; भाव जरा खाली आला की हा तोंडावर पडे. अक्काचा दर रविवारी फोन. "जयभीम, भाऊ. कुठवर आली आपली खाण?" मी म्हणे, "खणून राहिले."

शेवटी मी कंपनीचा वार्षिक अहवाल छापून घेतला. सायकलच्या कॅरिअरवर टाकला तर पुढचं चाक उचललं. तो घेऊन एका दुपारी मित्राच्या कापडदुकानात गेलो. हा मित्र पूर्वी सहकारी बँकेत कर्जवसुलीला होता. गाठोडं बघून त्याने गिऱ्हाईकासमोरचा पीस बाजूला सारला.

"तलाठी साब, हे पोथी कुणाची?"

"अक्काच्या खोल्यांची," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

पहिली साठ पानं तो थुंकी न लावता पलटत गेला. त्यात हेल्मेट घातलेले संचालक हसत होते. मग एका पानावर त्याचं बोट थांबलं.

"हे बघा. सालभरात फेडायचं कर्ज, जरासं. आणि त्याच्या खाली हे लांब मुदतीचं. बाप रे. खर्च जाऊन कंपनीच्या हातात सालाला जेवढं उरतं, त्याच्या सात पट! तुमाला दिसलं न्हाई?"

"अहवाल इंग्रजीत," मी म्हणालो. "ते पान माझ्याकडून सुटलंच असेल."

"बरं, आता हे. कर्ज कधी फेडायचंय? सहा सालांनी, एकदम. आणि खाणीत सोनं किती सालांचं उरलंय? हेच लोक लिहितात, पाच सालांचं. मग सहाव्या साली काय, मातीचे हप्ते भरणार?"

"नवी खाण घेतील."

"कशाने? नव्या कर्जाने. आणि सोनं महाग झालं तरी तुमचा शेअर का हलत न्हाई, तेबी इथं लिवलंय. कर्ज देणाऱ्यांनी आधीच सांगितलं, पुढच्या मालाचा मोठा हिस्सा जुन्या भावाने विकून टाका, आमचा पैसा बराबर आला पाहिजे. महागाईचा फायदा गेला तिकडं. उरलं त्यातून ब्याज. ब्याजातून उरलं तर तुमची अक्का."

मी पाणी मागितलं. त्याने चहा मागवला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी समजलं असावं; त्याने अहवाल मिटला. गिऱ्हाईकाला पीस फाडून द्यायला उठला.

आता खरं सांगतो. ते पान माझ्याकडून सुटलं नव्हतं. आकडे कुठल्याही भाषेत आकडेच असतात आणि तो आकडा मी पैसे टाकायच्या आधीच पाहिला होता. पाहून हसलो होतो. कारण माझी अख्खी नोकरी सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढवण्यात आणि उतरवण्यात गेली. आमच्याकडे माणसाची झोप उडवतं ते सालाचं पीककर्ज. विहिरीचं, पाइपलाइनचं लांब मुदतीचं कर्ज इतर हक्कांच्या रकान्यात पंचवीस-पंचवीस वर्षं निजलेलं मी पाहिलंय. घेणारा जातो, तलाठी बदलतो, कधी सरकार माफ करतं आणि एका फेरफार नोंदीने बोजा कमी होतो. मीच कमी केलेत शेकड्याने. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की लांबचं कर्ज म्हणजे झोपलेलं कर्ज. साताआठ समुद्रांपलीकडच्या त्या खाणीलासुद्धा मी आमच्याच तलाठी सज्ज्यातलं खातं समजून बसलो. तिथे माफी द्यायला कोण बसलंय, हा प्रश्न मला पडला नाही. जमीन दरवर्षी पिकते, खाण दरवर्षी रिकामी होते, हा फरक मला कळला नाही, आणि तेही मातीचा वास घेऊन गट नंबर सांगणाऱ्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी बाळापूरची बस धरली. वाटेत चार-पाच गोष्टी रचल्या. एकीत संपूर्ण दोष परदेशातल्या युद्धाला होता, एकीत मोबाईलला. सगळ्या झकास होत्या.

अक्का प्लॉटवर होती. मिस्त्रीने दोन खोल्यांची आखणी चुन्याने करून ठेवली होती आणि तो सावलीत विडी ओढत बसला होता. अक्का चुन्याच्या रेघांमधून, जणू दार आहे अशी वाट काढून, माझ्यापर्यंत आली.

"काहून आलास अचानक? तब्येत बरी हाय ना?"

कापडदुकानातल्या मित्राने काय दाखवलं ते मी सांगायला लागलो. शेअर निम्म्याच्या जरा वर उरलाय, कंपनीवर लांबचं कर्ज डोंगराएवढं आहे आणि ते फेडायच्या आधी सोनं संपणार आहे. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"हे कर्ज तुला आता कळलं, का तवाच म्हाईत व्हतं?"

बसमधल्या सगळ्या गोष्टी जिभेवर रांग लावून उभ्या राहिल्या. जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण त्या बाईसमोर एकही बाहेर पडेना.

"तवाच," मी म्हणालो.

"मग मला काहून न्हाई सांगितलंस?"

"लांबचं हाय म्हणून."

"लांबचं," ती म्हणाली. "मी किती लांब जगणार हाय, भाऊ?"

मग ती म्हणाली, "इक. आत्ताच." तिथेच उभं राहून मी शेअर विकले. माझे अंगठे इतके जाड झाल्यासारखे वाटत होते, की बटण तीनदा चुकलं. ती मिस्त्रीकडे गेली आणि पायाने एका खोलीच्या रेघा पुसायला लागली. मिस्त्री म्हणाला, "बाई, कोणची ठेवू?" तिने उरलेल्या रेघांकडे बोट केलं. "चुलीची ठेवा. निजायचं काय, तिथंच निजंन."

माझ्याकडचे पैसे घालून मी दुसरी खोली बांधून देतो म्हणालो, तर तिने हात जोडले. रागाने नाही. रागाने जोडले असते तर मला बरं वाटलं असतं.

विकल्यानंतर महिनाभराने तो शेअर चांगलाच वर गेला. का गेला कोण जाणे. मित्र म्हणतो, टिकणार नाही, कर्ज तिथंच आहे. मी रोज बघतो आणि तो पडावा अशी आशा करतो. दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून असं ताटकळत बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

अक्काची एक खोली झाली. चहा चांगला करते. पण हल्ली तिच्याकडे बँकेचा, ग्रामपंचायतीचा, कसलाही कागद आला की ती फोटो काढून कापडदुकानात माझ्या मित्राला पाठवते. परवा मी समोर बसलेलो असताना असाच एक कागद आला. मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली, "चहा घे तू. निवतो."