काशीआत्याचे पाच हंडे

दोन हजार रुपये. पाचशेच्या चार नोटा, रबर लावलेल्या. काशीआत्या गेली त्याच्या पाचव्या दिवशी, चौदा मार्चला, तिच्या पत्र्याच्या डब्यात त्या सापडल्या तेव्हा शेणवे गावातल्या तिच्या घरी आम्ही तिघं होतो : मी, तिची नात मंगल आणि शेजारची सखूबाई. नोटा बघताच सखूबाईने तोंड फिरवलं. "ठेव रे ते परत. माझे नाय ते."

हे पैसे कुठले, ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी गरीब विधवेचं घर हवं होतं. आत्या विधवा होती आणि गरीबही. अकरा गुंठे भात, दोन शेळ्या, उरलेले दिवस मजुरी. त्यातच तिने मंगलला वाढवलं. पण शूटिंगवाले म्हणजे पाहुणे, असं धरून तिने आदल्या दिवशी घर सारवलं, मंडणीवरचे पाचही हंडे, एक पितळेचा आणि चार जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, राखेने लख्ख घासले आणि ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. टोपीवाला साहेब हिरमुसला. "आजी, हे गरिबाचं घर वाटत नाही." आत्या म्हणाली, "मंग कुनाचं वाटतं, दादा? सावकाराचं?" त्याने दोन हजार तिच्या हातावर ठेवले, जाताना सगळं पहिल्यासारखं करून देतो म्हणाला. मग भिंतींना चिखल आणि काजळ फासलं, हंडे काळे केले, दारात फाटकी गोधडी टांगली... आणि संध्याकाळी सगळे तसेच निघून गेले. तो शुक्रवार होता. रविवारी मुरबाडहून मंगलला बघायला येणार होते.

शनिवारी मी वाशिंदहून पोचलो तेव्हा आत्या आणि सखूबाई भिंती खरवडत होत्या. पाहुण्यांना पुढची तारीख देऊ या, मी सुचवलं. "काय सांगशील? आमी लय गरीब दिसतो, येऊ नका?" आत्याने हात न थांबवता विचारलं. मी बावीस कळशा पाणी आणलं. रविवारी मुलाची आई मंडणीपुढे थांबली, पितळी हंड्यात स्वतःचं तोंड बघून हसली. सोयरीक जमली.

आत्याने नोटा सखूबाईपुढे धरल्या. "घर तू निस्तरलंस. पैशे तुझे." "शेजारणीकडून मजुरी घेऊ काय गो? येडी झालीस?" साहेबाने शब्द पाळला नव्हता, म्हणून आत्याही त्या आपल्या मानेना. नोटा डब्यात गेल्या. दर दिवाळीला दोघी हे भांडण नव्याने काढत.

तो भाग लागला तेव्हा आम्ही मंगलच्या सासरी बसलो होतो. पडद्यावरची विधवा काळ्या भिंतीला टेकून रडत होती. सासूबाई म्हणाल्या, "आमी बघितलेलं घर नाय हे." आत्याचा चेहरा उजळला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ही बाई कवाची रडतेच हाय रे... हिला काय काम नाय?" आत्याला मी आयुष्यात दोनदा रडताना पाहिलं. दोन्ही वेळा तिच्या हातातलं काम चालू होतं.

तेराव्याला गेलो तर सखूबाई आत्याच्या अंगणात हंडे घासत बसली होती. पाचवा हंडा उपडा घालून तिने पदराला हात पुसला. "आण ते," म्हणाली. "नायतर वरून भांडत बसंल ती."

दोन हजार रुपये, सखूबाईला, रोख. मोजले मी. तिने मोजले नाहीत.