परसों बदललेली तार

"परत उतरली," लॉर्ना म्हणाली आणि पुन्हा खुंटी पिळायला लागली.

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये पालक येऊन बसू लागले होते. आम्ही मागच्या म्युझिक रूममध्ये एकाच तारेपाशी अडकलो होतो. मी ट्यूनर धरून उभी होते. काटा जागेवर यायचा, लॉर्ना दुसऱ्या तारेकडे वळायची, तेवढ्यात ही खाली.

आम्ही तिघं व्हायोल वाजवतो. लोकांना ते व्हायोलिन ऐकू येतं, म्हणून आधीच सांगते. व्हायोल हे युरोपातलं जुनं वाद्य. लहान असो की मोठं, ते मांडीवर किंवा गुडघ्यांत उभं धरायचं आणि गजाने वाजवायचं. त्याला सहा तारा असतात आणि सतारीसारखे मानेला बांधलेले पडदे. माझं सगळ्यात लहान, ट्रेबल. मधलं माधवरावांचं, ते हायकोर्टात वकील आहेत. सगळ्यात मोठं बास, ते हिमायतनगरच्या सलीमभाईंचं. पण सलीमभाई स्कूटरवरून पडले आणि त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. म्हणून गोव्याहून लॉर्नाला बोलावलं. प्रवासात बास आणणं कटकटीचं, तेव्हा ती सलीमभाईंचंच वाद्य वाजवणार होती.

कार्यक्रम पुढे ढकलता येत नव्हता. ही म्युझिक रूम शाळेने आम्हाला संध्याकाळी रियाझाला दिली होती. आता तिथे कम्प्युटर लॅब करायचं चाललं होतं. प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "अ‍ॅन्युअल डे को आप लोग बजाओ. पेरेंट्स बैठे तो मैं कमिटी से बात करूंगी. उठ के गए तो मेरे हाथ में कुछ नै." शहरात दुसरी जागा मी वर्षभर शोधून पाहिली होती. हॉल मिळतात, पण वाद्यं तिथेच ठेवू देणारा हॉल मिळत नाही. खोली गेली की ग्रुप गेला, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कोणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

"नवीन तार आहे, ताणतेय अजून," लॉर्ना म्हणाली. "चालायचंच."

तिचं बरोबर होतं. आमच्या तारा धातूच्या नसतात. त्या जनावराच्या आतड्याच्या असतात; आपल्याकडे त्याला तात म्हणतात. नवी तात चढवली की पहिले काही दिवस ती लांबत राहते आणि सूर खाली घसरतो. तेव्हा न चिडता परत परत चढवायची. लॉर्नाने येण्याआधी सलीमभाईंना फोन करून विचारलं होतं, वरची तार कधी बदलली? ते म्हणाले होते, "परसोंइच तो बदलाया ना." मी माझ्या यादीत 'बास, वरची तार: नवी' असं लिहून खूण केली होती.

मग लॉर्नाने पर्समधून नेलकटर काढला. तारेवर एक केस उभा राहिला होता. तातीला कधीकधी असा धागा सुटतो, अगदी नव्या तारेलाही. तो ओढायचा नाही, मुळाशी कापायचा. तिने कापला. मिनिटभरात दुसरा उभा राहिला. तिने तोही कापला.

"असली कसली नवी तार?" माधवराव म्हणाले. "ही तर माझ्या अशिलासारखी आहे, रोज नवीन धागा सुटतो."

तेवढ्यात सलीमभाई आले. शेरवानी, गळ्यात प्लास्टरचा हात. "सलाम, लिस्टवाली आपा. सब टिक मार लिए?"

मी म्हणाले, "सलीमभाई, ये तार कौनसे दुकान से लिए? धागे निकलरे."

"अरे, अच्छी तार है आपा. बेबी की शादी के टाइम पे बदलाया."

बेबी म्हणजे त्यांची मुलगी. त्यांच्या बेबीला आता चालणारं मूल आहे.

"आप तो बोले परसों बदलाए!"

"हौ, तो परसोंइच हुई ना शादी."

लॉर्नाने माझ्याकडे पाहिलं. तिला शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. मी तिला सांगितलं, हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस. मी इथेच जन्मले, वाढले. 'परसों' ऐकून मला काहीच खटकलं नव्हतं, आणि तिलाही नाही, कारण तिच्यासाठी त्याचा 'परवा' हा एकच अर्थ होता.

लॉर्नाचा हात खुंटीवरून झटकन बाजूला झाला. तार लांबत नव्हती. ती आतून एकेक धाग्याने तुटत चालली होती, आणि आम्ही तिला वर ओढत होतो.

स्पेअर तार माझ्या पिशवीत होती. पण ती चढवली असती तर खरोखरच नवी तार झाली असती आणि अख्खा कार्यक्रम घसरत राहिली असती. जुनी ठेवली तर ती तुटणार. दोन्हीकडून पंचाईत.

दार उघडलं. प्रिन्सिपल मॅडम. "स्टार्ट करेंगे? पीछे के लोगां उठरे."

"पाँच मिनट, मॅडम."

दार बंद झालं. मी म्हणाले, "सगळेच खाली उतरू. एक सूर खाली."

तार सैल केली की तिच्यावरचा ताण कमी होतो. पण एकटं बास खाली आणून चालत नाही. तिघांनी एकत्र उतरायचं, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या सगळ्या तारा नव्याने लावायच्या. आणि उतरवलेली तात हट्टी असते, ती हळूच परत वर सरकते.

"माझा विरोध नोंदवून ठेवा," माधवराव म्हणाले. पण त्यांचा हात खुंटीवर गेला होता.

सलीमभाई एका हाताने ट्यूनर धरून प्रत्येकाकडे फिरले. "नीचे, नीचे... बस. आपा, आपका ऊपर है. अब्बी भी ऊपर है." मला घाम फुटला होता, बोटं घसरत होती. पडदेही थोडे सरकवावे लागले.

आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पहिल्या दोन रचना नीट गेल्या. मी स्वरलिपी बघत नव्हते, लॉर्नाची तार बघत होते. शेवटच्या रचनेत मध्यावर फट्ट असा आवाज झाला. तारेचं टोक लॉर्नाच्या मनगटावर बसलं.

"गई!" सलीमभाई पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाले.

लॉर्ना थांबली नाही. वरचे सूर तिने दुसऱ्या तारेवर काढले, पडद्यांच्याही पलीकडे हात नेऊन. तिथे बोट ठेवायला कसलीच खूण नसते. एक-दोन सूर बेसूर लागले. मी आणि माधवराव जरा हळू झालो, तिला वेळ मिळावा म्हणून. तिघंही एकत्रच शेवटाला पोचलो. उठून गेलेले काही जण दारात येऊन उभे होते. टाळ्या आल्या. त्या वाजवण्याला किती आणि तार तुटल्याला किती, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. "पेरेंट्स पूछरे थे, तार टूटी तो भी कैसे बजाए. कमिटी को यही अच्छा लगा." मग त्यांनी विचारलं, "आप लोगों को एसी बराबर चालू चाहिए ना?"

"हौ. हवा बदली तो तारां बिगड़ते."

"कम्प्युटर को भी चाहिए. आधा रूम में वो, कोने में आप. चलेगा?"

"चलेगा," मी म्हणाले. त्याच दुपारी जाऊन कोपरा मोजला. बास, तीन खुर्च्या आणि स्टँड जेमतेम मावतात. माधवरावांच्या गजाला डावीकडच्या मॉनिटरपासून जपावं लागतं.

आता प्रत्येक वाद्याच्या पेटीवर मी चिकटपट्टी लावली आहे. तार बदलली की त्यावर लिहायचं: तारीख, महिना, साल. सलीमभाईंना हा अपमान वाटतो. पण लिहितात.