पूर्वेचं दार

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही चूक केली नाही. हे माझं मत नव्हे, त्यांचं. पण सुप्यापासून घाटापर्यंत त्यांच्या तोंडावर याला नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती. धंद्याने ते गवंडी, कुंभारवाड्याकडचे. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, कायम कमरेला. माझ्या लग्नात मी पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, आणि हे गृहस्थ मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून ओरडतायत, "थांबा भटजी! खांब दोन बोटं कलतोय. वाकड्या खांबाखाली लगीन लावतासा काय?" खांब सरळ होईपर्यंत मुहूर्त निघून गेला. पुढे आम्हा नवराबायकोचं कधी कडाक्याचं भांडण झालं की ते म्हणत, "बगा मास्तर, खांब सरळ केला म्हनून एवढ्यावर भागलं." त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या आक्कांनी, नवीन चूल घातली तर यांनी ती तीनदा मोडून परत घातली. तोवर सगळं घर दोन दिवस चुरमुरे खात होतं.

मी घाटाच्या तोंडाशी असलेल्या ठेसनात तारमास्तर होतो. ठेसनामागच्या टेकाडावर रेल्वेच्या आणि जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबांसाठी चर्च बांधायचं निघालं, आणि मी शहाण्याने शिफारस करून ते काम साडूंना मिळवून दिलं. इंजिनियर साहेबाने त्यांच्या हातात नकाशा ठेवला, पाया आखून दिला आणि तो लांबच्या रजेवर विलायतेला गेला. तो परत येईपर्यंत साडूंनी चर्च उभं केलं. जांभ्या दगडाच्या भिंती, त्यांना बाहेरून टेकू देणारे दगडी धिरे, उभट खिडक्या, आपल्याच जंगलातल्या सागवानाचे वासे आणि वर मंगळुरी कौलं. वाळू काळी नदीच्या पात्रातली, तीही स्वतः चाळून घेतलेली. आतली टोकदार कमान तर अशी साधली होती की बघत राहावं. "दोन हात जोडल्यावानी दिसती न्हवं?" असं ते मला दिवसातून चारदा विचारत, आणि मी चारही वेळा व्हय म्हणत असे.

साहेब परतला तो रंगीत काचांची पेटी घेऊन. त्याच्याबरोबर नवीनच बदलून आलेले म्हातारे पाद्रीसाहेब होते. काचा बसवायच्या होत्या वेदीमागे, पूर्वेच्या भिंतीत. दोघे टेकाडावर चढले आणि बघतात तर काय, पूर्वेच्या भिंतीत हे भलंमोठं दार! त्यांच्यात वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आपला देव बहुधा पूर्वेकडे तोंड करून बसतो, म्हणून देवळाचं दार पूर्वेला. साडूंनी नकाशात दार पश्चिमेला पाहिलं, साहेब चुकलाय असं ठरवलं, आणि अख्खं चर्च उलटं फिरवून बांधलं. आणि एवढं करून कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. का, तर साहेबाची अब्रू जाऊ नये!

साहेबाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन्ही टोकं पाड आणि नीट बांध, नाहीतर उद्या दुसरा गवंडी आणतो, असं त्याने बजावलं. दुभाषा मी. माझी पाचावर धारण बसलेली. साडू मात्र थंड. मला म्हणाले, "साहेबास्नी सांगा, लाज वाटून घिऊ नका म्हनावं. चूक मानसाच्याच हातनं व्हती. मी कुणाला बोललो न्हाई, बोलनार बी न्हाई. पर बांधलेलं देवाचं घर मोडायला माझा हात उठायचा न्हाई. आनि पश्चिमेला दार केलं तर आषाढात सगळी झड देवाच्या तोंडावर!"

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं हो?  तेवढ्यात पाद्रीसाहेब पोट धरून हसायला लागले. त्यांचं अर्धं आयुष्य बेळगावकडे गेलेलं, मराठी त्यांना चांगली येत होती, फक्त ती पोथीतली होती. ते साहेबाला म्हणाले, "या गवंड्याने तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. आता तुम्ही त्याला करा." मग काचा पश्चिमेच्या भिंतीत बसवायच्या आणि प्रार्थना सकाळऐवजी संध्याकाळी करायची असं ठरलं. साहेब पाय आपटत निघून गेला, पण चर्च वाचलं.

त्यानंतर साडूंना काय ऊत आला! घाट चढून आलेल्या गाडीचं जादा इंजिन आमच्या ठेसनात सोडवत, त्यात बराच वेळ जाई. साडू फलाटावर हजर. "गाडी सुटायला अजून टाईम हाय, चला, चर्च दावतो." खानापूरचा एक व्यापारी त्यांच्या कमानीखाली असा अडकला की गाडी निघून गेली, आणि पुढची येईपर्यंत त्याची दोन जेवणं माझ्या घरी झाली. दारापाशी आले की साडू आवाज खाली आणत. "मूळ नकाशातच चूक हुती. साहेब चांगला मानूस, म्हनून मी कुठं बोलत न्हाई." हे ते येणाऱ्या प्रत्येक गाडीला सांगत.

आणि मग, काचा बसायच्या आतच, ते एका लग्नासाठी बेळगावला गेले. परत आले ते मुके होऊनच. आक्का रडकुंडीला येऊन माझ्याकडे आल्या. "मास्तर, ह्यास्नी काय झालंय बगा की. मी मुद्दाम चूल वाकडी घातली, तर बगूनबी गप ऱ्हायले!" महिन्याभराने ते पुन्हा फलाटावर दिसायला लागले, पण चर्च बाहेरूनच दाखवत. दाराच्या आत पाऊल टाकत नसत. विचारलं तर म्हणत, "पाय मळल्यात." नकाशातल्या चुकीचं नावही काढत नसत. वय झालं, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं. एवढी वर्षं तारा वाचण्यात घालवली, पण घरच्या माणसाचं तोंड वाचता आलं नाही मला!

काही वर्षांनी पाद्रीसाहेब कायमचे मायदेशी निघाले. शेवटच्या दिवशी त्यांनी साडूंना बोलावणं पाठवलं. साडू धुतलेलं धोतर नेसून आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. वहाणा काढल्या, पण आत येईनात. म्हणाले, "पाद्रीसाब, एक सांगायचं ऱ्हाऊन गेलंय. बेळगावात तुमची दोन चर्चं बगून आलो मी. भवतीनं फिरून बगितली. दोन्हीला दार पश्चिमेलाच हाय. साहेबाचं बरोबर हुतं. चूक माझी." मग जरा थांबून म्हणाले, "मोडा म्हनालासा तर आता मोडतो. हात अजून चालतोय."

 पाद्रीसाहेबांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना पार पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. ऊन घाटापलीकडे उतरत होतं. काचांतून तांबडा, निळा, पिवळा उजेड साडूंच्या पांढऱ्या धोतरावर, चुन्याने फुटलेल्या हातांवर पडला. "गवंडीबुवा, इतर चर्चांत हा प्रकाश प्रातःकाळी येतो," पाद्रीसाहेब म्हणाले. "आणि त्या समयी माझे नेत्र धड उघडलेले नसतात. आपल्या कृपेने हा मला इतकी वर्षे नीट पाहता आला."

साडू कितीतरी वेळ तळहात उलटसुलट करून बघत बसले. मग डोळे पुसून उठले आणि सवयीने खिडकीला ओळंबा लावला. "ही काच कुणी बसवली?"

"साहेबांनी स्वतः," मी म्हटलं.

"एक सूत कलतीय." त्यांनी ओळंबा गुंडाळून कमरेला खोचला आणि आवाज अगदी खाली आणला. "ऱ्हाऊ दे. कुणाला बोलू नगासा."

आता पाद्रीसाहेब नाहीत, साडूही नाहीत. त्यांचा ओळंबा आक्कांनी माझ्याकडे दिलाय. काम संपलं की संध्याकाळी मी कधीकधी तो खिशात घालून टेकाडावर जातो आणि त्या पहिल्या बाकावर बसतो. बाहेर निघताना हमखास त्यांची आठवण येते आणि हात खिशातल्या ओळंब्यावर जातो. ती काच खरंच कलती आहे की नाही, हे मी अजून बघितलेलं नाही.