उरलेली बाजू उद्या

कोपऱ्यावरच्या सलूनच्या म्हाताऱ्याला गल्लीतले सगळे तुफान म्हणत. आता तो बाकावरून उठायलाही दोनदा विचार करायचा, पण पंचविशीत त्याला एकच ध्यास होता: आपल्याइतका झपाझप हात कोणाचा चालता कामा नये. समोरच्या टपरीवर चहाचं आधण ठेवलं, की ते उकळायच्या आत याने गिऱ्हाईक उठवलंच म्हणून समजा. त्या भरात एकदा एका सभ्य गृहस्थाची डावी भुवई कामी आली. तुफानने उजवीही तशीच केली, ‘चेहरा कसा मोकळा दिसतोय’ म्हणाला आणि त्याला वाटेला लावलं.

चाळिशीत वेगाचं वेड ओसरलं आणि खुर्च्यांचं शिरलं. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या, दाराला काच आली, काचेवर सोनेरी अक्षरं आली. त्या सगळ्या धबडग्यात बायकोशी धड बोलायला त्याला फुरसत नव्हती. फुरसत मिळाली तेव्हा बायको राहिली नव्हती. या गोष्टीचं त्याला फार वाईट वाटे, आणि ते तो कोणाला सांगत नसे.

सत्तरीनंतर सगळं सलून मुलीच्या हाती गेलं. खिडकीजवळची एक खुर्ची तेवढी त्याची उरली. आणि आता महत्त्वाकांक्षा काय, तर त्या खुर्चीत बसलेला माणूस लवकर उठू नये!

असा माणूस सगळ्या गल्लीत एकच होता. निवृत्त वायरमन. डोक्याचं मैदान कधीच साफ झालेलं, पण दाढी रोज लागायची. सकाळी येऊन तो खुर्चीत मागे रेलायचा. तुफान साबणाचा फेस काढायचा, गालाला लावायचा, आणि मग दोघं बोलत बसायचे. कोणाचे गुडघे कुरकुरतात, कोणाचा जावई शेफारलाय, जिन्यातला दिवा वायरमनने बसवला तसा आता कोणालाच कसा बसवता येत नाही. बोलता बोलता फेस वाळायचा. मग पुन्हा पाणी, पुन्हा फेस. दाढी संपेपर्यंत जेवायची वेळ झालेली असायची.

मुलीच्या मात्र नाकी नऊ आले होते. ती बापाच्याच वळणावर गेली होती. तिला पाचवी खुर्ची हवी होती, केस धुवायचं बेसिन हवं होतं.

“बाबा, अख्खी सकाळ एका दाढीत घालवता. सोमवारी त्या खुर्चीच्या जागी बेसिन बसवतेय.”

“आणि मी कुठे बसू?”

“घरी. आराम करा.”

आराम हा शब्द ऐकून तुफानच्या तोंडचं पाणी पळालं. घरात भिंतींशी बोलायचं की काय?

शनिवारी सलूनमध्ये कामाला असलेले दोन्ही कारागीर आजारी पडले. बाकावर गिऱ्हाईकं दाटीवाटीने बसली. मुलगी रडकुंडीला आली आणि बापाकडे वळली.

“बाबा, आज तुमचा जुना हात दाखवा. बेसिन दुसरीकडे बसतं का, मी बघते.”

झालं! म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. कात्री कचकच, वस्तरा सपसप. एक उठतोय तोवर दुसरा बसतोय. बाकावरची माणसं टाळ्या वाजवायची तेवढी राहिली होती. त्याच धडाक्यात वायरमन खुर्चीत बसला. “काय सांगू तुला, काल आमच्याकडे...” असं तो म्हणतोय तोवर दाढी झाली, तोंड पुसलं, कापड झटकलं आणि तुफान ओरडला, “पुढचा!”

वायरमनने गुळगुळीत गालावरून हात फिरवला. मग उठला.

“झालं? बरं,” म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी मुलगी भलतीच खूश होती. “खुर्ची राहील, बाबा. फक्त हाच वेग ठेवा.”

खुर्ची राहिली, पण वायरमन यायचा बंद झाला. एक दिवस गेला, दुसरा गेला. तुफान खिडकीतून गल्ली न्याहाळत बसे आणि गिऱ्हाईकाला भलत्याच बाजूने भांग पाडी. त्याचं कशातच मन लागेना. आठवडा उलटल्यावर त्याने वस्तरा, ब्रश आणि साबण पिशवीत टाकला आणि वायरमनच्या घराचा जिना चढला.

दार उघडलं. वायरमनच्या तोंडावर पांढरे खुंट माजले होते.

“कशाला आलास? तुझी गिऱ्हाईकं खोळंबतील.”

“बस गुमान.”

“घाई असेल तर राहू दे.”

तुफानने पिशवी उघडली. त्याने फेस काढला, दोन्ही गालांना लावला आणि सावकाश, अगदी लोणी काढावं तसा, डावा गाल गुळगुळीत केला. मग उजव्या गालावरचा फेस फडक्याने पुसून टाकला आणि सामान आवरायला लागला.

“अरे, ही बाजू?”

“उरलेली बाजू उद्या. दुकानात.”

“शुद्धीवर आहेस का? या तोंडाने मी गल्लीतून येऊ?”

“तुझी मर्जी,” म्हणत तुफान जिना उतरला. शेवटच्या पायरीवर त्याने वळून वर पाहिलं. हा आता खरंच आला नाही तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हशा पिकला. अर्धं तोंड चकचकीत आणि अर्धं पांढरंफटक घेऊन वायरमन भर रस्त्यातून ताठ मानेने येत होता. टपरीवाल्याला त्याने हात केला, दोन ओळखीच्यांची मुद्दाम थांबून विचारपूस केली. सलूनमध्ये शिरला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत धप्पदिशी बसला.

“हं. तर त्या दिवशी सांगत होतो...”

मुलीने कपाळाला हात लावला. बापाकडे बघितलं. तो ब्रश फेसात घोळवत होता आणि हसू लपवायचा निष्फळ प्रयत्न करत होता. आई गेल्यापासून त्याचा हा चेहरा तिने पाहिला नव्हता.

“बाबा, अर्ध्या दाढीला वेळ किती लागेल?”

“नाजूक काम आहे गं. आत्ताच कसं सांगू?”

दारातून एक तरुण गिऱ्हाईक घाईघाईने आत आलं आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणालं, “तिकडचं आटपतंय ना? मी थांबतो.”

“थांबू नका,” मुलगी म्हणाली आणि तिने टपरीवाल्याला दोन चहांची खूण केली. “ती खुर्ची आज काही रिकामी होत नाही.”