पाच तासांवरची कोमल

कमलकाकूंना कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं मी म्हणणार नाही. गावात कुणाचंही बरं होऊ द्या, त्यांना चालतं. फक्त चतुराबाईंचं होऊ नये. चतुराबाई म्हणजे त्यांची थोरली जाऊ. दोघींची दारं एकाच अंगणात. चतुराबाईंनी कूलर घेतला तर त्याच्या आवाजानं काकूंना उन्हाळाभर झोप नाही. माझं जवळा बाजार या आमच्या गावात मोबाइलचं दुकान आहे. रिचार्जला आल्या की हे सगळं मला ऐकावं लागतं.

यंदा दोघींच्या पोरींना एकदमच दिवस गेले. चतुराबाईंची कोमल नवऱ्यासोबत जर्मनीत, काकूंची मिना पुण्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. कोमलनं सातव्या महिन्यातच विमानानं यायचं ठरवलं. मिनानं मात्र कळवलं, "बसचे बारा तास मला न्हाई झेपायचे, माय. मी हितंच बरी."

चतुराबाईंना एवढं पुरे होतं. त्यांचे जावई मागं रात्री दोनला हैदराबादहून निघाले आणि सकाळी सातला फ्रँकफर्टला उतरले. तो हिशोब धरून त्या बाजारभर सांगत सुटल्या, "आमची कोमल पाच तासांवर हाय. मिनाचंच पुणं लई लांब, बाई!"

काकूंचा तिळपापड झाला. तणतणत दुकानात आल्या. "हरीश, जर्मनी पुण्याहून जवळ कशी रे? बघ बरं तुझ्या मोबाइलात."

बघितलं. हैदराबाद ते फ्रँकफर्ट सात हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाला नऊएक तास. मी समजावलं, "काकू, जावई उतरले तेव्हा तिथं सात वाजले होते. आपल्याकडं साडेदहा होऊन गेले होते. चतुराकाकूंनी तिकडच्या घड्याळातून इकडचं घड्याळ वजा केलं."

"अन् हैदराबादहून हितं गाडीनं?"

"सात तास तरी."

काकूंनी बोटं मोजली. "सोळा! म्हंजे माझीच पोरगी जवळ की रे!"

मिनाच्या लग्नातही काकू इतक्या खुललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मिनाला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू.

"मिना, कोमल सोळा तासांवरून येऊन राहिली! तू बारा तासांवर, अन् तुला काहून जमंना?"

पलीकडून मिना म्हणाली, "माय, बसचं निमित्त होतं गं. लहानपणापासून तू माझे मार्क तिच्या मार्कांशेजारी ठेवले, माझा रंग तिच्या रंगाशेजारी. आता माझं लेकरू तिच्या लेकराशेजारी ठिवशील. तेवढं मला सोसायचं न्हाई. म्हणून न्हाई येत."

काकूंचा चेहरा उतरला. मघाचा हिशोब करून दिल्याची माझी मलाच चीड आली, पण आता बोलून काय उपयोग होता?

काकू म्हणाल्या, "मग म्या येऊ का तिकडं?"

"ये की. पण एकटी ये, माय. कोमलला संगं आणू नको."

काकू "व्हय" म्हणाल्या आणि माझ्याकडं पाठ करून रडायला लागल्या.