मिसेस बेलींचं न झालेलं भाषण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बोलता बोलता अडखळले तर अडखळू दे — पण आज तुला सांगून टाकणार.

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी मिसेस बेली राहायच्या. मूळच्या जमैकाच्या. इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या. आम्ही दोघं कामावर, त्यामुळे आमच्या अनयाला शाळेतून आणायचं, खाऊ घालायचं, सगळं त्यांनीच केलं. अनया त्यांना आजीच म्हणायची. आणि मी? संध्याकाळी त्यांच्या किचनमध्ये चहा पीत जमैकाच्या गोष्टी ऐकायचे. साहेबाचे ऊसमळे, मजुरांचे संप, त्यात तुरुंगात गेलेले त्यांचे वडील. मग सगळ्यांना मताचा हक्क मिळाला आणि आई नवी हॅट घालून मत द्यायला गेली. आसपासच्या बेटांबरोबर संघ झाला, सार्वमत घेऊन जमैका त्यातून बाहेर पडला आणि शेवटी स्वातंत्र्य. "झेंडा चढला तेव्हा मी इथे वॉर्डात बेडपॅन धूत होते," म्हणायच्या. ते त्यांना कायम डाचत राहिलं.

त्यांचा स्वातंत्र्यदिनही ऑगस्टमधलाच. मी आमच्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव. दोन हजार चार साली पंधरा ऑगस्टला मी त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. या देशात ही हकीकत त्यांना आजवर कुणी विचारलीच नव्हती! पुरा जुलै त्या भाषण बसवत होत्या, अनयाला समोर बसवून म्हणून दाखवत होत्या. मी त्यांच्या आवडीच्या रंगाची, जांभळी शाल आणून ठेवली.

मग कमिटीची मीटिंग. आमचे अध्यक्ष — त्यांना सगळे काका म्हणतात — म्हणाले, "अगं, फॅमिली प्रोग्रॅम आहे. लोकांना अनकम्फर्टेबल वाटेल. त्यापेक्षा आपल्या कौन्सिलरला बोलाव की!" त्यांना काय म्हणायचंय ते टेबलाभोवती प्रत्येकाला कळलं. कौन्सिलर गोरा होता. एरवी मी चहात साखर कमी पडली तरी भांडते. त्या दिवशी — गप्प. का? पुढच्या वर्षी अध्यक्षपद माझ्याकडे यायचं होतं. एवढंच. दुसरं एखादं बरं कारण खूप शोधलं, नाही सापडलं.

त्यांना मी सांगितलं, हॉल मिळाला नाही, कार्यक्रमच रद्द झाला. "नेव्हर माइंड, लव्ह," त्या म्हणाल्या. आणि पंधरा ऑगस्टच्या त्या रविवारी ती जांभळी शाल मी कौन्सिलरच्या खांद्यावर घातली. वर टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी अनया त्यांच्याकडून घरी आली ती थेट माझ्यासमोर. "आई, मी आजीला प्रोग्रॅमचा सांगितला. शी वेंट रिअली क्वाएट. तू तिला का नाही बोलवला?"

मी तिला दटावलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला — खरं बोलली म्हणून!

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि मिसेस बेली पूर्वीसारख्याच अनयाला आणायला जाऊ लागल्या. मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. पुढच्या वर्षी मी अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी केक केला. मी तो खाल्ला.

गेल्या आठवड्यात त्या गेल्या. चर्चमध्ये त्यांचा मुलगा मला म्हणाला, तुम्ही दोन शब्द बोला. आई नेहमी सांगायची, ते भाषण मागणाऱ्या तुम्ही एकट्याच. बिचारीला हॉल मिळाला नाही, तिला फार वाईट वाटलं — असंही सांगायची म्हणे. म्हणजे सगळं माहीत असून त्यांनी पोटच्या मुलासमोरसुद्धा मला सांभाळून घेतलं. आणि मी काय केलं असेल? उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले — हो, तेव्हा हॉल मिळाला नाही.

उद्या मी त्याच्याकडे जाणार आहे. हॉल होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या, तुझ्या आईला मीच येऊ दिलं नाही — इतकंच सांगेन. काकांचं नाव घेणार नाही. खोटं माझं होतं. माफीही मागणार नाही. ती देऊ शकणारी बाई आता नाही, आणि होती तेव्हा मी केक खात होते.