उन्हाळी टायरांची लाल गाडी

त्या सकाळी मला बर्फाचा राग आला, गाडीचा आला, वडिलांचा आला, शेजाऱ्याचा तर आलाच आला. स्वतःचा यायला दुपार झाली. माझ्या बाबतीत हा क्रम नेहमीचाच आहे.

गाडी घेतली होती २०२०च्या ऑगस्टमध्ये. मार्चपासून मी डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून ऑफिस करत होतो. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझं काम म्हणजे काय काय बिघडू शकतं याचे तक्ते भरणं. नळीचं टोक मोडलं तर काय, वेष्टनाला भोक पडलं तर काय. या 'तर काय'वर वीस वर्षं पोट भरलेल्या माणसाने पन्नाशीच्या तोंडावर दोन सीटची, छत उघडणारी, मागच्या चाकांवर पळणारी लाल गाडी घेतली. तीही अशा देशात, जिथे छत उघडायला निघालं की पाऊस येतो. घरात आम्ही चार माणसं.

"डॅड, देअर आर फोर ऑफ अस," मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीतून, अस्सल डब्लिनच्या सुरात.

"चौघांनी मिळून जायचंय कुठे? परत लॉकडाऊन लागणारच आहे," मी म्हणालो. त्या वर्षात माझं तेवढं एक भाकीत खरं ठरलं.

बायको काहीच बोलली नाही. एरवी ती मला 'अरे' म्हणते. त्या दिवसापासून 'अहो' सुरू झालं, आणि आमच्या घरात 'अहो' हा आदर नसतो.

गाडी मी पार दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात जाऊन आणली. विकणारे गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले. फडक्याने हात पुसत पुसत त्यांनी सगळं नीट सांगितलं. टायर उन्हाळी आहेत, थंडीत त्यांचं रबर लाकडासारखं होतं, रस्त्यावर पांढरं दिसलं की हिला घराबाहेर काढू नका. मी "ग्रँड" म्हणालो. इथे ग्रँड म्हणजे ठीक, बरं, समजलं, पुरे, आणि आता किल्ली द्या. मी शेवटच्या अर्थाने म्हणालो. खरं सांगायचं तर टायरला ऋतू असतो हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मी ज्या गावात वाढलो तिथे टायर दोनच प्रकारचे, नवा आणि गुळगुळीत. गुळगुळीत झाला तरी तो आणखी एक दिवाळी काढतो.

आमची जुनी चंदेरी गाडी मी तीन घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्याला दिली. साधी, पाच माणसांची, पुढच्या चाकांवर चालणारी. आदल्याच हिवाळ्यात बायकोने मागे लागून लागून तिला बारमाही टायर घालायला लावले होते. तेही तिच्याबरोबर गेले.

आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडे एसटीवर बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडे अडकले. लाल गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, मागच्या बाजूला हात ठेवून एकदा दाबलं. गाडी हलली. "मागं काईच न्हाई की रं हिला," ते म्हणाले. मी म्हणालो, "अण्णा, तिचं सौंदर्यच ते आहे."

जानेवारीत एका सकाळी उठलो तर सगळी वसाहत पांढरी. बायको हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवसांत तिच्याकडे कोविडच्या नमुन्यांचे ढीग येत होते. निम्मे सहकारी आजारी किंवा विलगीकरणात. आठला तिची पाळी सुरू व्हायची, आणि रात्रपाळीला एकच मुलगी एकटी होती. ही पोहोचल्याशिवाय त्या मुलीला खुर्ची सोडता येणार नव्हती. फोनमध्ये बस दिसत होत्या त्या एकेक करून रद्द होत गेल्या.

"मी चालवते, हळूहळू जाईन," बायको म्हणाली. गेले पाच महिने ती गाडी रोज तीच चालवत होती. मी फार तर रविवारी लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीत मिरवून आणायचो.

"बर्फात? तू? काही नको. मी सोडतो," मी म्हणालो. हे वाक्य मी कुठून आणलं ते आजही कळत नाही. बर्फात गाडी चालवण्याचा माझा अनुभव तिच्याइतकाच होता, म्हणजे शून्य.

सव्वासातला निघालो. बाहेर अंधारच होता, रस्त्यावरच्या दिव्यांखाली बर्फ पिवळट दिसत होता. आमच्या घरापासून रस्ता जरा उतरतो, उजवीकडे वळतो आणि मग मोठ्या रस्त्याला लागायला थोडा चढतो. उतार ठीक गेला. मी बायकोकडे बघून हसलोदेखील. वळणावर स्टीअरिंग फिरवलं, पुढचा भाग वळला, आणि गाडीच्या मागच्या भागाने आपला वेगळा विचार केला. मागची बाजू शांतपणे, अजिबात घाई न करता, पुढे यायला निघाली. मी ब्रेक दाबला, तिने ऐकलं नाही. एक चाक फुटपाथच्या कडेला धडकलं आणि आम्ही रस्त्यात आडवे उभे राहिलो.

इथपर्यंत घाबरायची वेळ होती. पण मी घाबरलो नाही, चिडलो. घाटात गाडी चढेना की पहिला गिअर टाकायचा आणि रेस द्यायची, हे मी खंबाटकीत शिकलो होतो. तेच केलं. इंजिन किंचाळलं, मागची चाकं जागच्या जागी गरगरली, गाडी इंचभरही सरकली नाही. मी आणखी रेस दिली. चाकांनी खालचा बर्फ घासून घासून लादीसारखा चकचकीत केला.

"रेस नगं देऊ," मागून आवाज आला. अण्णा फाटकातून निघून रस्त्यावर आले होते. माकडटोपी, स्वेटरवर स्वेटर, आणि पायात माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट. "दुसरा टाक. मागं वजान न्हाई तिच्या. मोकळी गाडी अशीच नाचती चिखलात. तांदळाचं पोतं घाल मागं."

मी काच खाली केली. "अण्णा, हा चिखल नाहीये."

"चिखल काय आन् बर्फ काय. चाकाला काय कळतंय?"

"अण्णा, ही एसटी नाहीये," मी ओरडलो. "मी इंजिनिअर आहे. मला कळतं."

आमच्या गल्लीत मराठी कुणालाच येत नाही, पण मी काय केलं ते प्रत्येक खिडकीला कळलं असणार. अण्णा टोपी कानांवर ओढून वळले आणि घराकडे चालू लागले. ते घसरू नयेत असं मनात आलं आणि त्याचाही मला राग आला.

"अहो," बायको म्हणाली, "साडेसात वाजले. मी उतरते. चालत जाते."

"सात किलोमीटर? हॉस्पिटल म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे?"

"मग काय करू? तिथे ती पोरगी कालपासून एकटी आहे. तुमची चाकं किती छान फिरतायत ते बघत बसू?"

तेवढ्यात उतारावरून दोन दिवे आले. हळू, सरळ, रोजच्यासारखे. आमची चंदेरी गाडी. शेजारी एका किराण्याच्या गोदामात कामाला आहे. तो लॉकडाऊनमध्येही रोज याच वेळेला निघायचा. त्याने आमच्यापासून सुरक्षित अंतरावर गाडी थांबवली. बारमाही टायर जागच्या जागी थांबले, एवढंसुद्धा न घसरता. मला ते बघवेना.

काय झालं ते त्याला विचारावंही लागलं नाही. "हॉस्पिटलला ना? वाटेवरच आहे," तो मास्क चढवत बायकोला म्हणाला. "मागे बसा, काचा उघड्या ठेवतो. गारठाल, पण पोहोचाल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लव्हली कार, पण या हवेतली नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उलट काही बोलता आलं असतं.

बायको आमच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसली, जिथे पूर्वी मुलगी बसायची. लाल गाडीला वळसा घालून, दोन चाकं हिरवळीवर चढवून, चंदेरी गाडी गेली. मागचा दिवा मीच बदललेला होता. तोसुद्धा नीट लागत होता.

मी पुन्हा आत बसून रेस देत राहिलो. कशासाठी, ते विचारू नका. ज्याला पोहोचायचं होतं ते माणूस निघून गेलं होतं.

दहा मिनिटांनी आरशात एक वरात दिसली. पुढे मुलगी, समुद्रावर लाटांत खेळायची तिची फळी दोरीने ओढत. फळीवर वीस किलोचं तांदळाचं पोतं, त्यावर दहा किलोची कणीक. मागे अण्णा, दोन्ही काखांत आमच्या घरची पायपुसणी. लॉकडाऊनच्या धास्तीने मी भारतीय दुकानातून इतके तांदूळ भरून ठेवले होते की घरातून एक पोतं गेल्याचं कळलंही नसतं.

"बूट उघड," अण्णा नातीकडून शिकलेल्या शब्दात म्हणाले. मुलीने "ही मीन्स द बूट ऑफ द कार," असं मला समजावून सांगितलं, जणू मी पायातले उघडायला निघालो होतो. डिकीत तांदूळ कसेबसे मावले, कणीक आडवी कोंबली. अण्णांनी गुडघे टेकून मागच्या चाकांपुढे पायपुसणी सारली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फात गुडघे टेकून बसलेला. आणि मी आत, सीट गरम करायचं बटण दाबून.

"दुसरा. क्लच सोड निजलेल्या पोरावरनं पांघरूण काढल्यागत. रेस न्हाई."

मी सोडला. गाडी पायपुसण्यांवर चढली, उतरली, आणि सरळ झाली. मी तशीच तिला रांगत रांगत वर घरापर्यंत आणली. उतरलो तेव्हा अण्णा पायपुसणी झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही एसटी न्हाई, खरंय तुझं. एसटी गेली असती."

आठला दोन मिनिटं कमी असताना फोनवर एक शब्द आला. 'पोहोचले.' पुढे काही नाही, पूर्णविरामसुद्धा रागाने दिल्यासारखा.

दुपारी कामाला बसलो. समोर तोच तक्ता. बिघाड, कारण, परिणाम, आधी कुणी सूचना दिली होती का. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. कॉर्कच्या गृहस्थांनी दिली होती, बायकोने न बोलता दिली होती, मुलीने चार माणसं मोजून दिली होती. अण्णांनी तर गाडीच्या पाठीवर हात ठेवून दिली होती. तेव्हा कुठे राग योग्य पत्त्यावर आला. पण येऊन करणार काय? अण्णा सोफ्यावर गुडघ्याला बाम लावत होते. मी म्हणालो, "अण्णा, सकाळी मी जरा…" ते म्हणाले, "चहा टाक." मी टाकला.

संध्याकाळी बायको परत आली तीही शेजाऱ्याबरोबरच. हात धुऊन, कपडे बदलून खाली आली. "मी गेले तेव्हा ती पोरगी कोट घालून बसली होती," ती म्हणाली. "साडेसातपासून. तिच्या घरी सहा महिन्यांचं बाळ आहे. घड्याळाकडे बघत होती, दाराकडे बघत होती. मी आणखी अर्धा तास आले नसते तर रडली असती."

"पण पोहोचलीस ना वेळेवर," मी म्हणालो. काही वाक्यं तोंडातून निघतानाच चुकीची आहेत हे कळतं.

"मी पोहोचले. तुम्ही नाही पोहोचवलंत." मग ती म्हणाली, "आपला डॅशबोर्डवरचा गणपती अजून त्याच्या गाडीतच आहे. तुमच्याकडून काढायचा राहिलाय. मी म्हटलं, देते काढून, तर तो म्हणाला, 'युवर मॅन इज ग्रँड देअर,' म्हणजे असू दे त्या बुवाला तिथेच, आमचं छान जमलंय."

त्या क्षणी मला गणपतीचाही राग आला.

बर्फ तीन दिवस राहिला. तिन्ही दिवस ती चंदेरी गाडीने गेली, आणि मी खिडकीतून बघितलं. चौथ्या दिवशी रस्ते काळे झाले. ती म्हणाली, "त्या गाडीत मी परत बसणार नाही." आवाज चढलेला नव्हता, म्हणून वाद घालता आला नाही. पुढचे चार महिने ती शेजाऱ्याबरोबर आणि बसने गेली. जूनमध्ये मी गाडी विकायला काढली. डिकीत तेव्हाही कोपऱ्या-कोपऱ्यातून तांदूळ निघत होते.

घ्यायला एक ॲथलोनचा गृहस्थ आला. माझ्याच वयाचा, गॉगल कपाळावर. त्याचे डोळे गाडीवरून हलत नव्हते. मी फडक्याने हात पुसत सगळं नीट सांगितलं. टायर उन्हाळी आहेत, थंडीत लाकूड होतात, पांढरं दिसलं की बाहेर काढू नका.

"ग्रँड," तो म्हणाला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

माझं डोकं असं सणकलं की जानेवारीतली सकाळ परवडली. दारात बायको उभी होती.

"ऐकलं का रे त्याने?" तिने मराठीत विचारलं.

"नाही."

"मग परत सांग."

मी किल्ली खिशात घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.